गेरूच्या भिंतीचा हिशोब

हॉलमधली दहा फूट रुंद, नऊ फूट उंच भिंत. तिला गेरूच्या छटेचा रंग आणि वर पांढऱ्या रेषांतलं वारली चित्र. घरच्या माणसांनी दोन शनिवार-रविवार घालून हे काम केलं आणि भिंत मुळात धड असली, तर साधारण अडीच हजार रुपये लागतात. भिंत खराब असेल तर पाच हजार. भिंतीत ओल असेल तर आकडा सांगत नाही, कारण ओल निघेपर्यंत तिथे चित्र काढायचंच नाही.

या अडीच हजारांतले चित्रावर म्हणजे पांढऱ्या रंगावर, बारीक ब्रशांवर आणि खडू-दोऱ्यावर खर्च होतात सहाशे-साडेसहाशे. बाकीचे सगळे चित्राखाली जातात. पहिल्यांदा भिंत रंगवणाऱ्याचा हिशोब इथेच चुकतो. तो दुकानात जातो, दोनशे रुपयांचा सुरेख ब्रश घेतो, रंगांच्या बाटल्या घेतो आणि भिंतीकडे वळूनही बघत नाही. माझंही पहिलं चित्र असंच गेलं. पुण्यातल्या एका भाड्याच्या घरात जुन्या डिस्टेंपरवर मी सरळ रंग चढवला आणि त्यावर बावीस तास खपून तारपा नाच काढला. मास्किंग टेप ओढली तेव्हाच कडेचा रंग टेपेबरोबर सुटून आला. श्रावणापर्यंत नाचणाऱ्यांच्या मधोमध पोपडे धरले. चित्राला काही झालं नव्हतं, त्याच्या खालची भुकटी सुटत होती. त्या बावीस तासांची हळहळ अजून वाटते, म्हणून हा हिशोब भिंतीपासून सुरू करते.

वारली चित्राची मूळ भिंत आठवली की पैसे नेमके कशाचे पडतात ते कळतं. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतल्या वारली घरांची भिंत म्हणजे कारवीचा कूड. त्यावर माती-शेणाचं लिंपण, त्यावर गेरू. तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक घालून पांढरा रंग करायचा आणि बांबूची काडी टोकाला चावून तिचा ब्रश करायचा. लग्नघरात सवासिणी चौक लिहितात (त्यांचा शब्द लिहिणं हाच आहे), चौकाच्या मधोमध पालघाट देवी असते. लग्न झालं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा लिंपली, की ते चित्र जातं. पुढच्या लग्नाला नवं. सामानाला जवळजवळ काहीच खर्च नाही, कारण ते चित्र टिकावं अशी कोणाची अपेक्षाच नसते.

आपली अपेक्षा मात्र आठ-दहा वर्षांची असते. भिंतीला पाठ टेकली तर कपड्याला रंग लागू नये, मुलांचे हात पुसता यावेत, वर पंखा, बाजूला एसी. खर्च होतो तो या टिकण्याचा, आणि टिकणं भिंतीच्या पृष्ठभागावर ठरतं. कुणी सांगतं, गेरू स्वस्त आहे, किलोभर आणा, डिंकात कालवा आणि फासा. सिमेंटच्या प्लास्टरवर ते करू नका. सुकल्यावरही हाताला लागत राहतं, आणि त्यावर पांढऱ्याची रेघ ओढली की ब्रशच्या पाण्याने गेरू वर येऊन ती गुलाबी होते. तांदळाच्या पिठाचंही तसंच. शहरातल्या बंद खोलीत त्याला बुरशी आणि किडे लागतात. शेणमातीच्या कुडावर जे शोभतं आणि चालतं ते फ्लॅटच्या भिंतीवर चालेलच असं नाही.

आता भिंतीची परीक्षा. याला पैसे लागत नाहीत, एक दिवस लागतो.

तळहात भिंतीवर जोरात घासा. हाताला पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे. ओला फडका त्याच जागी आठ-दहा वेळा फिरवा. फडक्याला रंग आला तर तेच. असा थर खरवडून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिंत चकाकत असेल आणि पाण्याचा थेंब तिच्यावर मोत्यासारखा उभा राहत असेल तर तो ऑइलपेंट. त्यावर पाण्यातला रंग धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासून चकाकी मारावी लागते आणि ऑइलपेंटवर बसणारा प्रायमर लागतो. तो कोणता, हे दुकानात भिंतीची अवस्था सांगून विचारा.

ओलीसाठी फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि चोवीस तासांनी काढा. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर भिंतीत पाणी आहे. खालच्या दीड-दोन फुटांत पांढरा खार फुटला असेल, रंग फुगला असेल, तर ही परीक्षा करायचीही गरज नाही. वरच्या मजल्याचं न्हाणीघर, गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग, जिथून पाणी येतंय ते आधी बंद करायचं आणि मग भिंत पूर्ण सुकू द्यायची. ओलीवर 'डँपप्रूफ' म्हणून मिळणारा रंग आतून फासला की काही महिने बरं दिसतं आणि मग चित्रासकट सुटतं. ते पैसे वाया जातात असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीच्या आधी रंगाऱ्यांचे भाव चढलेले असतात आणि ते मिळतही नाहीत. दिवाळी उलटल्यावर मार्चपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. हवा कोरडी असते, दुकानदाराला बोलायला वेळ असतो, आणि रंगारी मोकळा असला तर दराबद्दल बोलता येतं.

एक गोष्ट जुन्या घरांसाठी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसं असू शकतं. अशी भिंत कोरडी घासू नका. पाणी मारत ओली घासा, तोंडावर नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा. पडलेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करा.

भिंत धड निघाली असं धरून माझ्या नव्वद चौरस फुटांचा हिशोब देते. भाव मोठ्या शहरातल्या किरकोळ दुकानांचे आणि अंदाजे आहेत. तुमच्याकडे प्रत्येक ओळीत थोडं कमीजास्त होईल.

पॉलिश पेपर, 120 आणि 220 नंबरचे मिळून सहा: 90 रुपये
भोकं-भेगा भरायला लांबी, एक किलो: 70
पाण्यातला प्रायमर, एक लिटर: 200
मॅट इमल्शन, गेरूची छटा, एकेक लिटरचे दोन डबे: 900
नऊ इंची रोलर आणि ट्रे: 350
दोन इंची चपटा ब्रश: 80
मास्किंग टेप, दोन गुंडाळ्या: 100
जमिनीवर पसरायला प्लास्टिक: 120
पांढरं अ‍ॅक्रिलिक इमल्शन, एक लिटर: 350
गोल ब्रश, 0, 2, 4 आणि 6 नंबर: 240
खडू आणि दोरा: 50

एकूण 2,550 रुपये. शेवटच्या तीन ओळी चित्राच्या, म्हणजे 640. वरचे 1,910 भिंतीचे.

यात पैसे वाचवण्याच्या जागा आहेत आणि न वाचवण्याच्याही. पांढऱ्या रंगाचा लिटरचा डबा चित्राला फार होतो. अशा चित्राला पाव लिटरही पुष्कळ. घराचं रंगकाम झालं तेव्हाचा छताचा पांढरा उरला असेल, झाकण घट्ट असेल आणि रंग नासका वास मारत नसेल, तर गाळून तोच वापरा. साडेतीनशे तिथेच वाचले. चित्रकलेच्या दुकानातला अ‍ॅक्रिलिक रंग जास्त दाट असतो आणि एका हातात झाकतो, पण मिलीलिटरमागे पैसे मोजले तर इमल्शनच्या मानाने फार महाग पडतो. पोस्टर कलर मात्र अजिबात नको. तो सुकल्यावरही पाण्याने विरघळतो. रोलर शेजारी-नातेवाइकांकडे मिळाला तर मागून आणा.

जिथे हात आखडू नये ती जागा म्हणजे गेरूचा रंग. डिस्टेंपर निम्म्याहून कमी पैशांत येतं, पण त्यावर ओल्या ब्रशाची रेघ नीट बसत नाही आणि पुसायला गेलं की उतरतं. चांगलं इमल्शन लिटरला दोन हातांचे शंभर-सव्वाशे चौरस फूट धरतं असं म्हणतात. त्या हिशोबाने एक लिटर पुरायला हवा. पण गडद लालसर छटा झाकायला कमी असतात, भिंत पांढरी असेल तर तिसरा हात मारावा लागतो, आणि नवशिक्याच्या रोलरमध्ये रंग जास्त अडकतो. म्हणून दोन लिटर. दोन्ही डबे एका बादलीत एकत्र करूनच सुरुवात करा. मशीनवर एकाच नंबराने केलेल्या दोन डब्यांतही छटेचा फरक पडू शकतो, आणि तो भिंतीच्या बरोबर मधोमध दिसतो.

दुकानात काय विचारायचं? डब्यावरची एमआरपी ही कमाल किंमत, त्यात जीएसटी आलेला असतो. विचारल्यावर बहुतेक दुकानदार तीतून काही ना काही सोडतात. न विचारणाऱ्याला पूर्ण भाव लागतो. मशीनवर रंग मिसळल्यावर डबा परत घेत नाहीत, त्यामुळे छटा शेडकार्डाच्या चिमुकल्या चौकोनावरून ठरवू नका. दुकानात सॅम्पलचा छोटा डबा मिळत असेल तर घ्या, पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. पिवळ्या दिव्यात गेरू विटेसारखा दिसतो आणि पांढऱ्या ट्यूबमध्ये तपकिरी. डब्यावर मशीनचं स्टिकर असतं, त्यावर छटेचा नंबर आणि बेस लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. उत्पादनाची तारीखही बघा. रंगारी बरोबर असेल आणि तो एका विशिष्ट कंपनीचाच डबा हवा म्हणत असेल तर कारण विचारा. काही डब्यांत रंगाऱ्यासाठी पैशांचं टोकन असतं. ते त्याला मिळायला माझी हरकत नाही, पण निवड तुमची असावी.

मॅटच का? वारलीची भिंत मातीची, तिला चमक नाही. चकचकीत रंगावर बाजूने उजेड पडला की प्लास्टरचे उंचसखल भाग दिसतात आणि पांढऱ्या रेषा डोळ्यांत जातात. मुलांच्या खोलीत मात्र धुता येणारं, किंचित तुकतुकीत इमल्शन घ्या. लिटरमागे शंभर-दीडशे जास्त जातील.

आता खराब भिंत. जुनं डिस्टेंपर खरवडायचं, प्रायमर, लांबीचे दोन हात, घासणी, पुन्हा प्रायमर. यातलं लांबी लावणं घरी करू नका असाच माझा सल्ला आहे. ती पट्टी सपाट फिरवायला सराव लागतो आणि चुकलेली लांबी घासून काढणं हे लावण्यापेक्षा तिप्पट कष्टाचं. रंगाऱ्याची दोन दिवसांची मजुरी साधारण दोन हजार, दहा किलो लांबीचे साडेतीनशे, जादा प्रायमरचे दोनशे. अडीच हजारांत आणखी अडीच हजार मिळाले आणि खर्च बरोबर दुप्पट झाला. पण ही भिंत तुम्ही चित्र काढलं नसतं तरी कधीतरी दुरुस्त करावी लागणारच होती. हा खर्च चित्राच्या नावावर लिहू नका, घराच्या लिहा. मजुरी ठरवताना खरवडणं, राडा उचलणं आणि सामान सरकवणं यात धरलंय का, ते आधीच बोलून घ्या. वाद होतो तो याच तीन गोष्टींवरून.

वेळेचा हिशोब पैशांपेक्षा महत्त्वाचा. पहिल्या शनिवारी भेगा भरणं आणि घासणं, दुपारनंतर प्रायमर. रविवारी गेरूचे दोन हात, मध्ये चार-सहा तासांचं अंतर. मग आठवडाभर भिंत तशीच सोडा. दुसऱ्या दिवशीच खडू लावला तर मऊ रंगावर ओरखडे उमटतात. दुसऱ्या शनिवार-रविवारी चित्र. पाच इंची एक माणूस काढायला हात बसल्यावर सहा ते आठ मिनिटं लागतात. चाळीस नाचणाऱ्यांचा तारपा म्हणजे पाच तास. झाडं, झोपड्या, बैल, कोंबड्या, चौकट धरून नव्वद फुटांची भरगच्च भिंत एकट्याने पंचवीस-तीस तास खाते. दोन दिवसांत ती होणार नाही. पहिल्यांदा करताना निम्मी भिंत मोकळी ठेवा, तीच जास्त चांगली दिसते. किंवा घरातल्या चौघांनी वाटून घ्या. पण मग माणसांची आकृती एकानेच काढावी. प्रत्येकाच्या हातचा माणूस वेगळा येतो आणि गोलात ते लगेच कळतं.

काय काढायचं, हेही ठरवायला हवं. लग्नचौक आणि त्यातली पालघाट ही वारल्यांच्या लग्नविधीतली गोष्ट आहे. दिवाणखान्याच्या शोभेसाठी ती उचलू नये असं मला मनापासून वाटतं, आणि उचलायची गरजही नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी 1970च्या दशकापासून चौकाबाहेरचं सगळं जग कागदावर आणलं. शेत, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारूळं, नाच, गाडी. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. सवासिणींच्या हातचं हे लेखन पुरुषांच्या हातात आलं आणि रोजच्या जगण्याचं झालं ते या काळात. या रोजच्या जगण्यातून हवं ते निवडा. त्यात तुमच्या घराजवळचं काही आलं तर आणखी छान. आमच्या भिंतीवर पाण्याच्या टाकीवर बसलेली माकडं आहेत.

आखणीला खर्च नाही. भिंतीच्या दोन्ही टोकांना ओळंबा सोडा. घरात ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधला की झाला. त्यावरून आडवे-उभे फूटभराचे चौकोन खडूने पाडा, कागदावरच्या चित्रातही तेवढेच चौकोन पाडा आणि एकेक चौकोन उतरवत जा. पेन्सिल वापरू नका, गेरूवर ती चकाकत राहते आणि जात नाही. पांढरा खडू ओल्या फडक्याने जातो आणि राहिलाच तर पांढऱ्या रंगाखाली लपतो.

तारप्याचा वेढा हाताने काढला की अंडाकृती होतो. त्यासाठी एक युक्ती आहे. गोल डबा भिंतीवर मधोमध एकाने घट्ट धरायचा, त्याला दोरा गुंडाळायचा, दोऱ्याच्या टोकाला खडू बांधायचा आणि दोरा ताणून धरत उलगडत जायचं. उलगडणाऱ्या दोऱ्याबरोबर खडू आपोआप बाहेर बाहेर जातो आणि शंखासारखा वेढा उमटतो. डबा जेवढा जाड तेवढं दोन वेढ्यांतलं अंतर जास्त. चार इंच व्यासाच्या डब्याने वेढे सुमारे साडेबारा इंचांवर पडतात, पाच-सहा इंची माणसांना ते सैल होतं. अडीच इंचांच्या डब्याने आठ इंच मिळतात, ते बरोबर. तारपा वाजवणारा मधोमध, आणि नाचणाऱ्यांची पाठ कधी तारप्याकडे नसते, एवढं लक्षात ठेवा.

माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं, बाईला मागे अंबाडा. दिसायला सोपा, पण जीव येतो तो दोन त्रिकोण ज्या बिंदूत भेटतात तिथे. तो बिंदू जरा सरकवला की माणूस वाकतो, नाचतो, ओझं उचलतो. भिंतीवर जायच्या आधी जुन्या पुठ्ठ्यावर गेरू फासून त्यावर शंभर माणसं काढा. ही शंभर माणसं फुकट आहेत आणि पुढचे सगळे पैसे तीच वसूल करतात.

रंग किती पातळ करायचा? दह्याइतका दाट असेल तर रेघ मध्येच तुटते, ताकाइतका पातळ असेल तर ओघळते. पाणी न घातलेल्या मठ्ठ्याइतका हवा. एका वाटीत थोडाच काढा, कारण वाटीत तो पंख्याखाली सुकत जातो. गेरूवर पांढऱ्याचा एक हात फिका गुलाबी दिसतो. सुकू द्या आणि त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा जा. त्रिकोण आधी रेघेने आखून मग भरा. वरून खाली या, म्हणजे हाताने पुसलं जाणार नाही. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे. स्विचबोर्डाजवळ काम करताना त्या खोलीचा एमसीबी बंद ठेवा. वरच्या दोन-तीन फुटांसाठी खुर्चीवर स्टूल चढवू नका. सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा इलेक्ट्रिशियनकडे घोडा असतो, चहा पाजून एक दिवस मागून आणा.

चुकलं तर घाबरू नका. ओलं असताना ओल्या कापडाच्या कोपऱ्याने टिपा, सुकल्यावर गेरूचाच छोटा ब्रश फिरवा. म्हणून गेरू पूर्ण संपवायचा नाही.

वरून पारदर्शक वॉर्निश मारावं का, हे खूप जण विचारतात. अर्धा लिटर मॅट वॉर्निशला पाचशे-सातशे पडतात. चांगल्या इमल्शनवर हॉलमध्ये मला त्याची गरज वाटली नाही. जेवणाच्या टेबलामागच्या किंवा जिन्यातल्या भिंतीला, जिथे हात सतत लागतात, तिथे मारा. चमकणारं वॉर्निश मात्र चुकूनही नको, मातीचा सगळा भास एका हातात जातो.

आणि जिन्याचा विषय निघाला म्हणून. घराच्या आतल्या भिंतीला कोणाची परवानगी लागत नाही, पण दाराबाहेरचा पॅसेज, जिना, इमारतीची बाहेरची बाजू सोसायटीची असते. तिथे ब्रश लावण्याआधी लेखी परवानगी घ्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीला हात लावण्याआधी घरमालकाशी बोलावं. गेरूसारखा गडद रंग पुन्हा पांढरा करायला प्रायमर आणि दोन-तीन हात लागतात, आणि ते पैसे डिपॉझिटमधून कापले जातात. तितक्या पैशांत आठ बाय चार फुटांचा सहा मिलिमीटर प्लायवुडचा ताव येतो, साधारण दोन हजारांपर्यंत. एमडीएफ त्याहून स्वस्त. दोन्ही बाजूंना आणि चारी कडांना प्रायमर मारा, नाहीतर पावसाळ्यात तो बाक धरतो. मग गेरू आणि चित्र. घर बदललं की चित्र टेंपोत चढतं. पाठीची भिंत ओली असली तर हाच ताव पाठीमागून फुगतो, एवढं ध्यानात ठेवा. माझं दुसरं चित्र असंच तावावर आहे आणि आतापर्यंत तीन घरं फिरलंय.

स्वतः करायचं नसेल, किंवा शिकायचं असेल, तर वारली कलाकाराला बोलवा. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे, ते त्या प्रदेशातल्या या समाजाची कला म्हणून. मी चौकशी केली तेव्हा भिंतीचे दर चौरस फुटाला दीडशेपासून चारशेपर्यंत सांगितले गेले, नावाजलेल्या हाताचे त्याहून बरेच वर. नव्वद फुटांना म्हणजे साडेतेरा हजार ते छत्तीस हजार, शिवाय प्रवास, राहणं, जेवण. रंग कोणी आणायचा हे वेगळं ठरवा. या रकमेत घासाघीस करू नका असं मी कळकळीने सांगते. स्टिकर लावणारे आणि स्टेन्सिल मारणारे याच चित्रांवर पैसे मिळवतात आणि त्यातलं काही डहाणूला पोचत नाही. पूर्ण भिंत परवडत नसेल तर भिंत स्वतः तयार करा आणि कलाकाराकडून मधला तीन बाय तीन फुटांचा भाग काढून घ्या. नऊ चौरस फुटांचे दर थोडे जास्त पडतील, पण त्याच्या शेजारी बसून पाहिलेला एक दिवस कुठल्याही वर्गापेक्षा जास्त शिकवतो. मुंबईत दर वर्षी भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत कलाकार प्रत्यक्ष भेटतात, तिथेच बोलता येतं.

वॉलपेपरशी तुलना करायची तर सर्वसाधारण रोल सत्तावन्न चौरस फुटांचा असतो. नव्वद फुटांना दोन रोल, डिंक, लावणाऱ्याची मजुरी, सगळं धरून हाताने काढलेल्या भिंतीच्या दुपटीच्या आसपास जातं. लागतो मात्र अर्धा दिवस. ज्याला वेळच नाही त्याने तो जरूर लावावा.

काम झाल्यावर ब्रश लगेच धुवा, इमल्शन सुकलं की ब्रशाची काठी होते. उरलेला रंग बेसिनमध्ये ओतू नका. ब्रश आधी वर्तमानपत्रावर पुसा, मग धुवा. महिनाभर भिंतीला ओला फडका लावू नका, तोवर रंग पुरता घट्ट झालेला नसतो. आणि उरलेला गेरू काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घाला, बरणीवर छटेचा नंबर आणि तारीख लिहा. पांढऱ्याची एक छोटी बाटली तिच्या शेजारी, आणि दोन्ही उन्हापासून दूर, पलंगाखाली. सोफा सरकवताना पहिला ओरखडा पडेल तेव्हा ती बरणी काढायची आहे.